टीव्हीचा बडग्या आणि कन्हानचं टरबूज

परवा घरी पाहुणे आले होते. चौघं जण सोफ्यावर बसले, चौघांनी आपापले मोबाइल काढले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा एकानेही मान वर केली नाही. मी आपली उभी. शेवटी म्हटलं, "काहून हो, चहा फोनवरच पाठवू का?" तेव्हा कुठे हसले. हसले आणि परत खाली पाहायला लागले. त्यातला एक, जरा शहाणा, म्हणाला, "काकू, तुमच्या काळी बरं होतं. माणसं एकमेकांशी बोलायची." मला एकदम खोक्यात अडकलेले बाबा आठवले आणि असं हसू फुटलं की चहा बशीत सांडला.

बोलायची म्हणे! अरे, आमच्या गल्लीतलं बोलणं एका पावसाळ्यात असं आटलं होतं की माझ्या बापाला ते परत आणायला टीव्हीत शिरावं लागलं.

आमची गल्ली नागपुरात, इतवारीच्या अलीकडे. बाबा मूळचे खाप्याचे आणि समोरच्या घरातले काका मौद्याचे. दोघं एकाच ऑफिसात कारकून. लग्नाआधी दोघं एकाच खोलीत राहत, आणि नंतर त्यांनी समोरासमोर घरं घेतली ती भांडायला सोपं जावं म्हणून, असं आई म्हणायची. खापा आणि मौदा दोन्ही गावं कन्हान नदीवर. खापा वरच्या अंगाला, मौदा खालच्या. एवढ्याशा भूगोलावर या दोघांनी आयुष्य काढलं.

ऑफिसातून आले, हातपाय धुतले, की काका आमच्या ओट्यावर हजर. बसायच्या आधीच बाबांची सुरुवात व्हायची.

"आम्ही खाप्याचे लोक आंघोळ करतो न, तेच पाणी तुम्ही मौद्याचे पेता."

"हो न गा," काका म्हणायचे. "तुमच्या गावाची सारी अक्कल त्या पाण्यात धुऊन आमच्याकडं येते. म्हणून तर तुमच्याकडं काही उरली नाई."

हे रोजचं. पण खरा वाद टरबुजाचा. तरुणपणी एका उन्हाळ्यात हे दोघं एकाच सायकलवर डबलसीट बसून बाबांच्या मामाच्या वाडीवर गेले होते. कन्हानच्या वाळूत मामा टरबुजं लावायचे. परत येताना मामांनी एक भलंमोठं टरबूज दिलं. वाटेत एक बैल मागे लागला. सायकल पडली, टरबूज फुटलं, आणि त्या बैलाने या दोघांकडे ढुंकूनही न पाहता टरबूज शांतपणे खाऊन टाकलं. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. वाद एवढाच की टरबूज टाकून पळालं कोण? बाबा म्हणत, काका. काका म्हणत, बाबा.

काका नुसते म्हणत नसत, करून दाखवत. बाबा कसे पळाले ते दाखवायला पायजमा गुडघ्यापर्यंत धरून ओट्यापासून नळापर्यंत धावत जायचे, आणि नळावरच्या बाया घागरी सांभाळत ओरडायच्या. सगळी गल्ली जमायची. कोणी पालथ्या बादलीवर, कोणी पायरीवर. गल्लीत चक्क दोन पक्ष होते. माझी आई काकांच्या पक्षात होती. "मी यांना ओळखते न," म्हणायची.

मग काकांच्या मुलाने टीव्ही आणला.

चार पायांचा, लाकडी, समोर सरकणारी दारं असलेला. काकूंनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. छतावर अँटेना चढला. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे गेलो, बाबाही गेले, धुतलेला सदरा घालून. पडद्यावर बाई आली आणि तिने हात जोडून नमस्कार केला. बाबांनी उठून हात जोडले. "नमस्कार, नमस्कार. बसा."

ती बसलेलीच होती. तिने बातम्या सुरू केल्या. दोन बातम्या बाबांनी कशाबशा ऐकल्या. तिसरी त्यांना पटली नाही. आता पटली नाही तर माणूस बोलणारच की! बाबा म्हणाले, "असं कसं म्हणता बाई तुम्ही?" चहूकडून श्श्श! झालं. पोरं श्श्श, बाया श्श्श. बाबांनी मदतीसाठी काकांकडे पाहिलं. काकांचं लक्ष पडद्यावर. तिकडेच पाहत ते म्हणाले, "अबे चूप न गा. ऐकू दे."

बाबा उठले. अंधारात एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्याच कोणाची घालून घरी आले. मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दिवेलागणीला त्यांच्या खिडकीत निळा उजेड दिसायचा आणि गल्लीतली सगळी माणसं पाखरांसारखी तिकडे गोळा व्हायची. मीही तिथेच असायची, खोटं कशाला बोलू. काका सगळ्यांच्या पुढे, घडीच्या खुर्चीत, मुठीत फुटाणे. शेतीचा कार्यक्रम लागला तरी पाहायचे, आणि शेती त्यांनी कधीच सोडली होती. मधेच प्रक्षेपण बंद पडून खेद आहे अशी पाटी लागायची, तर ती पाटीही पाहत बसायचे. एकदा बाबांनी खिडकीतून आवाज दिला, "ये न गा बाहेर, आता तर काही नाई लागलं." काका म्हणाले, "थांब, आता लागंल." आणि पाटीकडे पाहत फुटाणा तोंडात टाकला.

इकडे बाबांची पंचाईत झाली. रोजचं भांडण अंगात साठलेलं, काढायचं कोणाजवळ? त्यांनी रेडिओशी भांडून पाहिलं. भाजीवाल्याशी भांडले, पण तो बिचारा प्रत्येक गोष्टीला "हो साहेब" म्हणायचा. मग आईची पाळी आली. भाजीत तिखट का, नाही तर का नाही, पोळी गोल का, इथपर्यंत मजल गेली. आई तीरासारखी समोर काकूंकडे गेली.

"काहून वं, तुझ्या नवऱ्याले अर्धा घंटा तरी आमच्याकडं पाठव न. माझ्यानं नाई होत आता."

"कुठून पाठवू?" काकू म्हणाल्या. "मलेच नाई भेटत तो. काल मी म्हटलं, माझं डोकं दुखून राहिलं. तर म्हणते कसा, बातम्या झाल्यावर दुखू दे."

बाबा म्हणायचे, मला काय फरक पडतो. पण संध्याकाळी ओट्यावर शेजारी एका माणसाची जागा सोडून बसायचे. कोणी तिथे पिशवी ठेवली तरी उचलून बाजूला करायचे. मी सोळा-सतरा वर्षांची, मला सगळ्याचं हसू यायचं, पण त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं की हसू येत नसे. माझ्या बापाचा दोस्त हरवला होता, आणि हरवून समोरच्याच घरात बसला होता.

मग पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत बडग्ये असतात, बांबू-कागदाचे मोठाले पुतळे. त्या वर्षी लोक ज्या गोष्टीला वैतागले असतील तिचा बडग्या करायचा. महागाईचा, साठेबाजांचा, कशाचाही. गल्लीगल्लीतून मिरवायचा, मनसोक्त शिव्या घालायच्या, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचा. आमच्या गल्लीचाही दरवर्षी असायचा. आदल्या वर्षी आम्ही पाणी न येणाऱ्या नळाचा केला होता आणि त्यानंतर आठवडाभर खरंच पाणी आलं होतं.

बाबांनी जाहीर केलं, "यंदा टीव्हीचा बडग्या."

"अहो, त्यांच्या घरी टीव्ही आहे आणि तुम्ही जाळाले निघाले?" आई म्हणाली.

"टीव्ही नाई, बडग्या. पाहू दे त्याले. येईल भांडाले!"

म्हणजे मुद्दा हा होता. काकांना राग यावा, त्यांनी तणतणत ओट्यावर यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. गल्लीतल्या तरण्या पोरांना हाताशी धरून बाबांनी ओट्यासमोर काम काढलं. कमरेइतक्या उंच बांबूच्या पायांवर कामट्यांचं भलंमोठं खोकं, त्याला गोणपाट, त्यावर रंगीत कागद. समोर पडद्याच्या जागी मोठी चौकट मोकळी. आत बातम्या सांगणारा माणूस दिसायला हवा म्हणून एका मडक्याला मिशा काढून तयार ठेवलं. बाबा मुद्दाम मोठ्याने बोलायचे, समोर ऐकू जावं म्हणून. "घेऊन जा गे मारबत! या टीव्हीले घेऊन जा!"

आणि एका संध्याकाळी काका खरंच आले. बाबांनी खळीचा ब्रश खाली ठेवला. छाती पुढे काढली. काकांनी बडग्याभोवती एक चक्कर मारली, मान हलवली आणि म्हणाले, "बटणं उजवीकडं असतात गा. तू डावीकडं लावली." मग त्यांच्या घरातून बातम्यांचं संगीत वाजलं आणि काका लगबगीने निघून गेले.

बाबांनी बटणं काढून उजवीकडे लावली. मला रडू आलं. राग येण्याइतकंही त्या माणसाला आपल्याशी देणंघेणं उरलं नाही, हे बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पोळ्याची संध्याकाळ आली ती झिमझिम पावसात. सजवलेले बैल घरोघरी फिरून गेले, पुरणपोळ्या झाल्या, आणि टीव्हीवर काहीतरी खास असल्यामुळे अख्खी गल्ली काकांकडे. बडग्याची पोरंसुद्धा "येतोच" म्हणून गेली. बाहेर बाबा आणि मी. पावसाने खळ ओली झाली होती आणि मिशीवालं मडकं काही सरळ राहीना. मान टाकायचं.

"असं नाई, असं पाहिजे," बाबा मडक्यालाच सांगायला लागले, आणि दाखवण्यासाठी स्टूल घेऊन मागच्या बाजूने स्वतः आत शिरले. डोकं आणि खांदे पडद्याच्या चौकटीत. "दिसते का वं बरोबर?"

"दिसते बाबा."

तेवढ्यात सुतळी सुटली, मागचा आडवा बांबू खाली सरकला आणि बाबांच्या पाठीवर घट्ट बसला. दोन्ही हात आत, अंगाला चिकटलेले. पुढे येता येईना, मागे जाता येईना. खालून फक्त पाय, स्टुलावर. मी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेवटी आईला हाक मारली. आईने बडग्याला एक फेरी घातली, तोंडावर पदर धरून हसली आणि म्हणाली, "थांबा, काकूंकडून विळा आणते. सुतळ्याच कापाव्या लागतील."

ती गेली ती गेलीच. मी दारातून डोकावले. आई हातात विळा घेऊन काकूंच्या शेजारी खाली बसली होती, तोंड उघडं, नजर पडद्यावर. मी परत येऊन सांगितलं.

"गेली," बाबा चौकटीतून म्हणाले. "तुझी आईपण गेली."

आणि वीज गेली. समोरच्या घरातून एवढा मोठा "अर्रर्र!" आला की बैल बुजले असते. मी कंदील लावून वर धरला, बाबांना अंधारात भीती वाटू नये म्हणून. त्याच वेळी समोरचे सगळे चरफडत बाहेर आले, आणि त्यांना काय दिसलं? भलामोठा टीव्ही, चालू, आणि आत माझा बाप.

आधी हसून हसून लोटपोट झाले. मग बाबांनी गंभीर चेहरा केला, त्या बाईसारखी मान किंचित वाकवली आणि म्हणाले, "नमस्कार."

काय सांगू, लोक बसले की हो! पोरं पुढे, बाया डावीकडे, जसे आत बसायचे तसेच. काकांनी घडीची खुर्ची आणून मध्यभागी लावली. आई विळा घेऊन सोडवायला निघाली तर काकूंनी तिचा पदर ओढला. "थांब न वं, आताच तर लागलं."

बाबांना इतक्या दिवसांनी माणसं मिळाली होती. सुटले! ऑफिसातल्या साहेबांवर बोलले, नळावर बोलले, त्या बातम्यांवाल्या बाईची तिसरी बातमी कशी चूक होती तेही सांगून टाकलं. कोणी टोकलं नाही. कोणी "हूं"सुद्धा म्हटलं नाही. एक पोरगं मधेच बोललं तर त्याला श्श्श झालं. बाबांना खोकला आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आवाज नाई येऊन राहिला बरोबर," आणि एकाने उठून वरचा बांबूचा अँटेना हलवून पाहिला. बाबांचं डोकंही त्याबरोबर हललं. "हां, आता साफ आहे," म्हणून तो खाली बसला.

बाबा भांबावले. त्यांनी हुकमाचं पान काढलं. "आम्ही खाप्याचे लोक आंघोळ करतो न, तेच पाणी तुम्ही मौद्याचे पेता!" आणि थांबले. काकांकडे पाहिलं. काका बाबांकडेच पाहत होते, तोंड थोडं उघडं, अगदी त्या खेदाच्या पाटीकडे पाहायचे तसे. फुटाणा तोंडात गेला.

मी कंदील धरून अगदी जवळ होते. मला बाबांचा चेहरा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी अडवत नव्हतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

मग ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "त्या टरबुजाचं सांगतो. खरं काय ते आज सांगून टाकतो. टरबूज मी टाकलं होतं. मी पळालो होतो. हा नाई."

आमचा, म्हणजे बाबांचा पक्ष एका वाक्यात बुडाला. आईने "बघा, मी म्हणत नव्हते?" असं तोंड केलं. फुटाण्याचा कुडुम कुडुम आवाज थांबला. काका हळूहळू खुर्चीतून उठले.

"काय बोलला तू?"

"मी पळालो म्हटलं."

"खोटं!" काका कडाडले. "साफ खोटं! काहून खोटं बोलून राहिला गा तू?"

"तूच तर जन्मभर हे म्हणत आला न!"

"मी म्हणंन! मले म्हणाचा हक्क आहे! तू कायले म्हणतो? टरबूज मी टाकलं!"

"मी टाकलं!"

"अबे, तू तर चालवत होता सायकल, तुझ्या हातात टरबूज आलंच कुठून?"

पुढची पोरं माना इकडून तिकडे फिरवायला लागली. आणि नेमकी तेव्हाच वीज आली. काकांच्या घरातून संगीत वाजलं, खिडकी निळी झाली. पोरं उठून पळाली, त्यांच्यामागे बाया, त्यांच्यामागे बडग्याची पोरं. खुर्चीला धक्का लागून ती पडली. बाबा बोलता बोलता थांबले. काका आपल्या घराच्या दाराकडे पाहत होते. मी मनातल्या मनात म्हटलं, जाऊ नका हो काका, जाऊ नका.

काकांनी आईच्या हातातला विळा घेतला आणि बडग्याजवळ आले.

"आधी म्हण, मी पळालो नाई."

"नाई म्हणत. सोड आधी."

"म्हण, मग सोडतो. अबे, तू पळाला असता तर मले कोणी उचललं असतं? मी पडलो होतो तोंडावर. बैल चार हातावर, अन् तू मले उठवून राहिला होता. पळाला म्हणते, मोठा आला पळणारा!"

हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या भांडणात दोघांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. बाबा चौकटीतच घळाघळा रडायला लागले. हात आत अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात, नाक पुसता येईना, सगळं मिशीवरून खाली.

"नाक पूस न गा माझं," बाबा म्हणाले.

काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने बाबांचं नाक पुसलं, डोळे पुसले. मग तो ओला दुपट्टा कंदिलाच्या उजेडात धरून पाहिला.

"पाह्य," ते मला म्हणाले, "खाप्याचं पाणी. अजूनही आमच्याच अंगावर येऊन राहिलं."

आणि तोच दुपट्टा परत खांद्यावर टाकून ते सुतळ्या कापायला लागले.